खाडीकाठच्या बाईचे प्रश्न

दर गुरुवारी मी वरश्याहून पेणला जायचे. तिथल्या छोट्या रेडिओ केंद्रावर एचआयव्हीवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम माझ्याकडे होता. लोकांनी नाव न सांगता फोनवर विचारायचं आणि सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी उत्तर द्यायचं, अशी पद्धत. सुरुवातीला फोन पुरुषांचेच येत, तेही मित्रासाठी विचारतोय असं सांगून.

मग एकदा एका बाईचा आवाज आला. एचआयव्ही असलेल्या माणसाचं ताट वेगळं ठेवावं लागतं का, एवढंच तिने विचारलं. नाही, एकत्र जेवल्याने तो पसरत नाही, असं समुपदेशक बाईंनी सांगितलं. बरं म्हणून तिने फोन ठेवला.

पुढच्या गुरुवारी तिने कपडे एका बादलीत भिजवण्याबद्दल विचारलं. नंतर डासांबद्दल, खाडीकाठी डास फार, म्हणाली. मला तिचं कुतूहल वाटायला लागलं. परतताना बसमध्ये मी तिचं घर मनात रचत बसायचे. आजार तिलाच, हे मी धरूनच चालले होते. कारण पुढचा प्रश्न होता, पोटातल्या बाळाला हे होतंच का? रोज न चुकता गोळ्या घेतल्या तर धोका खूप कमी होतो, असं सांगून समुपदेशक बाईंनी तिला दवाखान्यात बोलावलं. त्यानंतर फोन थांबले.

दोनेक महिन्यांनी साठीची एक बाई केंद्राच्या दारात उभी राहिली. मिठागरात राबून पाय भेगाळलेले. बोलली तसं मी तिला आवाजावरून ओळखलं, आणि गडबडले. तुमच्या गोळ्या चालू आहेत ना, असं विचारून बसले.

"माझ्या नाय गो, सुनेच्या," ती म्हणाली.

रिपोर्ट आल्यावर सुनेचं ताट तिनेच पडवीत ठेवलं होतं. पहिल्या फोनच्या दिवशी तिने ते आत आणलं. "तोंडानं काय बोलायला जमलं नाय. माझ्या बाजूला वाढलं, नि जेव म्हटलं."

नात झाली. ती दीड वर्षाची झाल्यावर पुन्हा फोन आला: शेवटची तपासणी झाली, पोरीला काही नाही. मला नि समुपदेशक बाईंना, दोघींनाही भरून आलं. मी फोन ठेवणार, तर ती म्हणाली, अजून एक हाय. पोरीला आईचा आजार कितव्या वर्षी सांगायचा?

समुपदेशक बाईंनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. मग त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की याचा विचार करून पुढच्या गुरुवारी बोलते.