ताईबाईनं पाहिलेली मूर्ती

निमोण्याच्या विहारात पौर्णिमेची वंदना सांगायचा मान ताईबाईचा. का, तर वस्तीत लेणी पाहिलेली बाई ती एकटीच. "लगीन झाल्यावर मालकांनी न्हेलं मला लेण्याद्रीला. केवढी ती बुद्धाची मूर्ती! पायावर डोकं ठिवलं, तर पाय गारगार," हे ती कैक वर्षं सांगत आली, आणि दर वर्षी मूर्ती वीतभर वाढत गेली.

आता मालक म्हणजे साहेबराव. दौंडला रेल्वेत होते. तिथं त्यांनी दुसरं बिऱ्हाड थाटलेलं, हे साऱ्या गावाला ठाऊक. त्या दौंडवालीला त्यांनी मुंबई दाखवली. ताईबाईला शिरूरच्या बाजारापलीकडं काही दाखवलं नाही. म्हणून तिनं चुलीपाशी बसून आपली आपणच लेणी पाहून घेतली. कुणाचं काय गेलं?

गेलं मायाचं. माया रांजणगावला कंपनीत. आवाज खणखणीत, वंदना तोंडपाठ, आणि बसायचं मात्र मागं. कंपनीच्या सहलीत ती लेण्याद्री पाहून आली आणि कुणापाशी ब्र काढला नाही. गुपचूप बायकांसाठी जीप ठरवली.

"काकी, तुम्ही म्होरं बसा. वाट तुम्हालाच ठावं."

ताईबाईनं गुडघे दुखवून पाहिले. मायानं डोली केली.

वर चैत्यगृहात खांबांच्या रांगा आणि टोकाला दगडी स्तूप. बस्स.

"काकी, मूर्ती कुठं हाय वो?"

"हितंच व्हती. चोरली आसंल कुणी."

"ही नाणेघाटाच्या व्यापाऱ्यांच्या वक्ताची लेणी. तवा बुद्धाची मूर्ती करतच न्हवते, स्तूपालाच हात जोडायचे. हितं मूर्ती हाय ती एकच." मायानं शेजारच्या लेण्याकडं बोट केलं. तिथून गणपतीची आरती ऐकू येत होती. "मंग डोकं ठिवलं ते त्येच्या पायावर का?"

बायका फिसकन हसल्या. बावीस प्रतिज्ञांतली गणपतीला न मानायची प्रतिज्ञा ताईबाईच त्यांच्याकडून दरडावून म्हणवून घ्यायची.

आता आलेच नव्हते म्हणावं, तर दौंडवाली जिंकली.

"आंधार व्हता, माये," ताईबाई म्हणाली. "त्येच्याच पायावर ठिवलं आसंल. पर मालकांनी आणलं व्हतं मला."

येताना पुढच्या सीटवर माया बसली. आता वंदनाही तीच सांगते. ताईबाई मागं, चपलांपाशी. ती प्रतिज्ञा आली की बायका माना वळवून बघतात. परवा एकीनं विचारलंच, "काकी, मालकांनी तवा मोदक चारला का न्हाई?"

"चारला की," ताईबाई म्हणाली. "दोन चारले."