आप्पांची एनओसी आणि पनवेलचे तीन दिवस

केतकीचा फोन आला तेव्हा मी एका व्याख्यानमालेच्या व्यासपीठामागे उभी होते. विषय माझा आवडता, गेली वीस वर्षं गावोगाव मांडलेला: शिकलेली माणसं देश सोडून का जातात, आणि त्यांना आपण जाऊ का देतो. "मावशी," ती म्हणाली, "आम्हा दोघांची निवड झाली. आखातातली एअरलाइन आहे. तू चिडणार आहेस, माहितीये. पण आधी तुलाच सांगितलं."

त्या संध्याकाळी टाळ्या भरपूर पडल्या. मी काय बोलले ते मात्र मला आजही आठवत नाही.

केतकी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती नववीत होती, आणि तेव्हापासून साताऱ्यात माझ्याच घरी वाढली. विमान चालवायचं तिनं माझ्या स्वयंपाकघरात, गवार मोडता मोडता ठरवलं. तिचा नवरा हर्षलही वैमानिकच. तो कॅप्टन आहे, ही फर्स्ट ऑफिसर. म्हणजे ही उजवीकडे बसते, आणि तो डावीकडे, पण वेगळ्या विमानात. दोघंही पनवेलला राहतात, हर्षलच्या आईवडिलांबरोबर.

तेव्हा खरं सांगते, पनवेल बघायला म्हणून मी निघाले नव्हते. भाचीला थांबवायला निघाले होते.

साताऱ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या बऱ्याच एसटी पनवेलला थांबतात. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे या प्रवासाला पैशांची सबब कुणी सांगू नये. सकाळची गाडी पकडा, डावीकडची खिडकी धरा. खंडाळ्याचा घाट उतरताना थंडीत दरीतून धुकं वर येतं. मी ते पाहिलंच नाही, मी मनात मुद्दे मांडत होते. पनवेलच्या अलीकडे, कोन गावाच्या आसपास भातखाचरांच्या मध्येच अचानक वीस-वीस मजल्यांच्या इमारती दिसायला लागल्या तेव्हा भानावर आले. पनवेल स्टँडला उतरले तेव्हा माझ्याकडे सात मुद्दे तयार होते.

घर गाढी नदीच्या पलीकडे, नव्या वसाहतीत. हर्षलचं मूळ गाव विमानतळाच्या जागेत गेलं आणि त्या बदल्यात हा प्लॉट मिळाला. दारात उभे होते आप्पा, हर्षलचे वडील. सत्तरीचा माणूस, मीठ-भाताच्या कामानं वाळलेला, पांढरा शर्ट, गळ्यात चष्मा. त्यांनी माझी पिशवी घेतली, "आलात, बरं झालं" एवढं म्हणाले आणि गप्प झाले. हर्षलच्या आईला सगळेच बाय म्हणतात. त्यांनी आत नेलं आणि कानात सांगितलं, "मावशी, पंधरा दिस जालं, हे कोनाशी बोलत नाय. पोरं जातान म्हनून."

मला आतून बरं वाटलं. घरात आपल्या बाजूचा एक माणूस आहे!

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि जवळ्याची चटणी. बायच्या हातची भाकरी इतकी पातळ आणि मऊ, की पनवेलला जाणाऱ्यांनी हॉटेलं शोधण्याआधी एखादं आगरी घर ओळखीचं करून ठेवावं. जेवणानंतर मी सुरुवात केली. पहिला मुद्दा होता देशाचं ऋण. हर्षल शांतपणे ऐकत होता.

"मावशी, मला देशानं नाही शिकवलं. आमच्या जमिनीनं शिकवलं. तिचे पैसे आले नसते तर मी आज कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक मोजत असतो."

"म्हणूनच! ज्या मातीनं शिकवलं तिच्यावरच धावपट्टी झाली, आणि तू उडणार दुसऱ्यांच्या धावपट्टीवरून?"

वाक्य चांगलं होतं. हर्षलनं मान खाली घातली. मी आप्पांकडे पाहिलं. ते उठून हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी केतकीला सुट्टी होती. ती मला कर्नाळ्याला घेऊन गेली. गोवा महामार्गानं अर्ध्या तासाचं अंतर. अभयारण्याच्या दारातच तिकीट, प्लास्टिकच्या बाटल्या नोंदवून घेतात, हे उत्तमच. चांगले बूट घाला आणि माकडांसमोर पिशवी उघडू नका. किल्ल्याचा सुळका जवळ दिसतो पण चढ दमवणारा आहे. माझ्या गुडघ्यांनी अर्ध्या वाटेवरच निर्णय दिला. एका दगडावर बसलो. वर झाडीत हळद्या पक्ष्याचा आवाज येत होता.

"मावशी, काल तू हर्षलला बोललीस. आता माझं ऐक. गेल्या महिन्यात आम्ही दोघं एका छपराखाली किती दिवस होतो? पाच. त्यातले दोन दिवस मी नुसती झोपले होते."

"सगळ्यांच्याच नोकऱ्या अशा असतात."

"नसतात. नागपूरवरून येताना एकदा रेडिओवर त्याचा आवाज आला. त्याचं विमान आमच्या खालून चाललं होतं. तो उंची सांगत होता. नुसती उंची, मावशी! अकरा दिवसांनी नवऱ्याचा आवाज ऐकला, आणि मला काहीच बोलता येत नव्हतं. ती लाइन सगळ्यांची असते. मला रडूच आलं. कॅप्टननं विचारलं, काय झालं? म्हटलं, डोळ्यांवर ऊन आलं."

माझे उरलेले सहा मुद्दे पिशवीतच होते. त्यातल्या एकाही मुद्द्यात ही बाई बसत नव्हती.

"तिकडं दोघांना एकाच शहरात तळ देतायत," ती म्हणाली. "ड्युट्यांचं रोस्टर महिनाभर आधी हातात. मला घर हवंय गं. पगार नंतर."

"आणि आप्पा?"

तिचा चेहरा पडला. "आप्पांना तोंड कसं दाखवायचं तेच कळत नाही. त्यांना नकोय हे. म्हणून आम्ही त्यांच्यासमोर विषयच काढत नाही."

संध्याकाळी पोपटी होती. थंडीत रायगडात गेलात आणि पोपटी खाल्ली नाही तर प्रवास अर्धा समजा. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा लावलेली कोंबडी, पुन्हा पाला, मग मडकं पालथं घालून भोवती जाळ. घरामागच्या मोकळ्या जागेत आप्पांनी ती स्वतः लावली. दिवस मावळत होता. मडकं उघडलं आणि त्या रानपाल्याचा वास सगळ्या गल्लीत गेला. शेंगा सोलता सोलता हर्षल मला सांगत होता, की निवड झाली तरी लगेच जाता येत नाही, नोटीसचा काळच लांबलचक असतो.

"आणि मुख्य म्हणजे एनओसी," तो म्हणाला. "ती हातात आल्याशिवाय काहीच होत नाही."

जाळापलीकडून आप्पांचा आवाज आला. "मंग मागा की. माज्यापाशी अजून कोनी मागितली?"

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग हर्षल हसला. "आप्पा, एनओसी कंपनीची असते. आत्ताची कंपनी देते. घरच्यांची नसते."

आप्पांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "पंधरा दिस झालं, तुमी फोनवर बोलता ते आयकतोय. एनओसी अडकली, एनओसी अडकली. मना वाटलं माज्यापाशी अडकली हाय. आज इचारतील, उद्या इचारतील."

ज्या माणसाच्या गावात एनओसी म्हणजे जमीनमालकाची सही, दुसरं काहीच नव्हे, त्यानं हा शब्द कानावर पडल्यावर आणखी काय समजायचं? पंधरा दिवस हा माणूस रागावलेला नव्हता. आपल्याला विचारतील म्हणून दारात बसला होता.

केतकी उठली. हात पदराला नव्हे, ओढणीला पुसले, आणि आप्पांसमोर उकिडवी बसली. "आप्पा, आमची मागायची राहून गेली. चूक झाली. तुमची एनओसी द्याल?"

आप्पांनी जाळाकडे पाहिलं. "बगू. मी कागुद नीट झाल्याबिगर सही करत नाय. एकदा केली हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "मावशी, तुमी भाषनं करता. माजं मोडकं अक्षर. चला, कागुद लिवायचा हाय."

वाचकहो, मी चप्पल घालताना मनात मसुदा तयार केला होता. 'माझी सक्त हरकत आहे', इथून सुरुवात. माझे सात मुद्दे अखेर योग्य वकिलाकडे पोचले होते.

रिक्षानं आम्ही आधी विमानतळाच्या कुंपणाशी गेलो. लांबच लांब भिंत, वर तारा. आप्पांनी बोटानं दाखवलं, "त्या दिव्याच्या खांबापाशी माजं आंगन. आंब्याखाली बायची चूल." एक विमान आमच्या डोक्यावरून गेलं. ते मान वर करून बघत राहिले. "हर्षल लहानपनी हितं डोंगर होता तवा त्याच्यावर चडून विमानं मोजायचा. तवा ती मुंबयची असायची."

तिथून पनवेलची तहसील कचेरी. बाहेर टेबल टाकून बसलेला मुद्रांक विक्रेता त्यांना ओळखत होता. शंभराचे कागद आता बंद झाले, पाचशेचाच घ्यावा लागतो, आधारकार्डाची प्रत जवळ असू द्या. त्यानं रजिस्टर उघडलं. "कशासाठी लिहू, आप्पा?"

"एनओसी."

"कुठल्या प्लॉटची?"

"पोरांची."

विक्रेत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्यानं जे काही लिहिलं असेल ते सरकारी रजिस्टरात आजही आहे.

शेजारच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसून मी पेन उघडलं. आप्पा सांगू लागले आणि मी लिहू लागले. लिहून देणार, लिहून घेणार, वय, धंदा शेती. "लिवा. कारणे ना-हरकत पत्र लिहून देतो की, माझा मुलगा व माझी सून ही परमुलखात विमान चालवायला जात आहेत, त्यास माझी..."

मी पेन थांबवलं. ते चहाचा घोट घेऊन म्हणाले, "...हरकत नाही."

"आप्पा?"

"लिवा, मावशी. केतकी दोन वर्स आमच्या घरात हाय. पोरगी येकटी जेवते. त्यो आला का ही जाते. बाय रोज दोन ताटं येगयेगळी झाकून ठेवते. हे काय घर हाय?"

मी लिहिलं. वीस वर्षं ज्या हातानं मी टेबलावर मुठी आपटल्या त्याच हातानं 'हरकत नाही' लिहिलं, आणि अक्षर वाकडं आलं.

"आता चतुःसीमा," ते म्हणाले.

"माणसांना चतुःसीमा कुठं असते?"

"असती. नायतर पुडं भांडान व्हतं. पूर्वेस आई-बाप. पश्चिमेस नोकरी. दक्षिणेस कर्नाळा." थोडं थांबून ते हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा, असं बायनं नंतर सांगितलं. "उत्तरेस मोकळं ठेवा. नातवंड झालं तर भरू."

मग ते गंभीर झाले. जमिनीच्या कागदातला शेवटचा परिच्छेद त्यांना तोंडपाठ होता. एकदाच वाचलेला नव्हे, वर्षानुवर्षं मनात घोळलेला. "त्यात व्हतं, यापुढे सदर जागेवर माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही. मी तवा वाचलं नाय, सही केली. आता नीट लिवा. सदर दोघांवरचा माझा व माझ्या पत्नीचा हक्क मी सोडलेला नाही. सोडनार नाही. सबब हे ना-हरकत पत्र लिहून दिले असे."

टपरीवाला पेले विसळायचा थांबला होता.

"साक्षीदार म्हून तुमी करा सही," आप्पा म्हणाले. मी केली.

परतीची गाडी कळंबोलीच्या पुलाजवळून मिळते. लोखंडाच्या ट्रकांच्या गर्दीत रस्ता ओलांडताना जपा, आणि सामान कमी ठेवा; माझ्याकडे बायनं दिलेले दोन किलो वाल आणि सुकटीची पुडी होती. सोडायला केतकी आली. दुपारच्या उड्डाणासाठी गणवेशातच, खांद्यावर तीन पट्ट्या. "कागद कुठं ठेवलास?" मी विचारलं. तिनं फ्लाइट बॅग थोपटली. "लायसन्सच्या पाकिटात. तिथंच सगळ्यात जपून राहतो." गाडी हलली तेव्हा ती रस्त्याच्या कडेला उभी राहून सॅल्यूट करत होती, शाळेत असताना मला करायची तसाच.

आता साताऱ्यात आहे. बायनं दिलेल्या वालांना मोड आलेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच व्याख्यान आहे आणि सांगून ठेवते, माझं मत बदललेलं नाही. घडवलेली माणसं देशानं राखायला हवीत, हे मी मरेपर्यंत ओरडून सांगेन. फक्त इतकी वर्षं मी जाणाऱ्यांवर ओरडत होते. नवराबायकोला एकमेकांचा आवाज रेडिओवर ऐकायला लावणारं वेळापत्रक ज्यांनी आखलं, त्यांच्याकडे तोंड करून मी एकदाही उभी राहिले नव्हते. या वेळी राहीन.

काल केतकीचा निरोप आला. दोघांनी नोटीस दिली. कंपनीची एनओसी यायला वेळ आहे. घरची मिळालेली आहे, तिची झेरॉक्स माझ्या टेबलावर काचेखाली ठेवलीय. शेजारच्या काकू परवा हळहळल्या, "अगं बाई, म्हणजे पोरगी गेलीच की हातची." मी त्यांना काचेखालचा शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. हक्क सोडलेला नाही. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे, वाकडी आहे, पण माझीच आहे. आणि साक्षीदाराला मागाहून पलटता येत नाही.