आमच्या करूला द्या

मी गाव सोडलं त्या दिवशी वडील मला एसटीपर्यंत पोचवायला आले ते बँडचा लाल कोट घालूनच. दुपारी शेजारच्या गावात त्यांना लग्नाची सुपारी होती आणि कपडे बदलायला परत घरी जायला वेळ नव्हता. सोनेरी किनार, पितळी बटणं, काखेत क्लॅरनेट. फाट्यावरची माणसं वळून बघत होती, की ही कुणाची एवढी लाडाची लेक वाजतगाजत चाललीय. वाजवलं काहीच नाही त्यांनी. गाडी दिसली तेव्हा एवढंच म्हणाले, "गेल्यासारखी शिक. उगं हिंडून येऊ नको." आईनं नेहमीचंच सांगितलं, "तोंड सांभाळ गं, तोंडाळ." माझी जीभ लहानपणापासूनच सुटलेली. करुणा हे नाव शाळेच्या दाखल्यावर होतं. घरी मी करू, आणि आई चिडली की तोंडाळ.

धाकटी बहीण विशाखा माझी पिशवी सोडेना. शेवटी ती खिडकीतून आत ढकलली आणि गाडी हलली तरी ओरडत राहिली, "पुढच्या साली मी! माझी जागा धरून ठेव!" मी मान हलवली. त्या वेळी ते अगदी सोपं वाटलं होतं.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं इकडे पुण्यात येऊन राहिलेल्यांनो, मी हे तुम्हा दोघांनाही लिहितेय. तिकडच्यांना वाटतं आम्ही सुटलो. इकडच्यांना वाटतं तिकडचे निवांत आहेत. दोघांनाही काही माहीत नाही आणि कुणी कुणाला नीट विचारतही नाही, याचा मला राग येतो.

परभणीकडच्या आमच्या भीमनगरात पुण्याची एक संस्था आली होती. आमच्यासारख्या मुलामुलींना संगणक, बोलणं, मुलाखत असं सगळं शिकवून नोकरीला लावायचं, असं त्यांचं काम. वर्ग कसबा पेठेत, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर. खाली तांबं ठोकायचा आवाज आणि वर आम्ही. शिकवायला मीराताई. कसब्यातच वाढलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि शब्दानं सोलून काढणाऱ्या. पहिल्या दिवशी मी "पानी" म्हणाले. त्या म्हणाल्या, "पानी म्हटल्यानं तहान भागेल, नोकरी मिळणार नाही. पुन्हा म्हणा." मी इतका सराव केला, की मला जिथं तिथं ण दिसू लागला. एका सराव मुलाखतीत मी "मणापासून काम करेन" असं ठणकावून सांगितलं. मीराताईंनी चष्मा काढला. "अहो करुणाबाई, निदान मन तरी आहे तसं राहू द्या."

पण याच बाई कंपन्यांच्या काचेच्या दारांत ताटकळत बसायच्या आणि आमच्यासाठी भांडायच्या. तेव्हा पुण्यात रोज नवी कंपनी निघत होती आणि प्रत्येकीला मुलं हवी होती, फक्त आमची नको होती. मुलं चांगली आहेत, पण आमच्याकडे फिट होणार नाहीत, असं गोड हसून सांगायचे. मीराताई विचारायच्या, "आपण कपडे शिवता की माणसं घेता?" अशा भांडणांतूनच मला एका मोबाइल कंपनीच्या मराठी हेल्पलाइनवर जागा मिळाली. मी खडकीत, दारूगोळा कारखान्यातल्या एका कामगाराच्या क्वार्टरमध्ये एक कॉट भाड्यानं घेऊन राहायला लागले. वर्गातली पुढची जागा विशाखासाठी ठेवा, असं मी मीराताईंच्या मागे लागून कबूल करून घेतलं. ती बारावी झाली होती आणि तिला अठरा पूर्ण व्हायची वाट होती, कारण त्याआधी संस्था घेत नसे.

कामाच्या हॉलला फ्लोअर म्हणायचे. स्वतःचा मोबाइल बाहेर लॉकरमध्ये, कानाला हेडसेट, प्रत्येक कॉल रेकॉर्ड. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" गंमत अशी, की फोन करणारे बहुतेक आमच्याच भागातले. हिंगोली, जिंतूर, मानवत. ते त्यांच्या बोलीत विचारायचे आणि मी पुण्याच्या बोलीत उत्तर द्यायचे. एकदा चुकून "व्हय" म्हटलं तर महिन्याचे गुण कापले.

गावी वडिलांनी बँडच्या सुपाऱ्या घ्यायला मोबाइल घेतला होता. त्यात पैसे कधीच नसायचे. बॅलन्स संपला की साधा मिस्ड कॉलसुद्धा जात नाही. लागतो तो एकच नंबर, कंपनीच्या हेल्पलाइनचा, तोही फुकट. आईला कुणीतरी सांगितलं असणार, की करू त्याच कंपनीत आहे. झालं. आईच्या डोळ्यांपुढे कंपनी म्हणजे एक मोठी खोली, पोरी रांगेत बसलेल्या, हाक मारली की त्यातली करू उठून येणार.

मला हे कँटीनमध्ये कळलं, तेही विनोद म्हणून. सदाशिव पेठेतली एक मुलगी सगळ्यांना नक्कल करून दाखवत होती. "अगं, पुन्हा ती बाई! 'आमच्या करूला द्या की जरा.' मी म्हटलं, कोण करू? तर म्हणे, 'तिथंच तर हाय कामाला, काळीसावळी, उंच हाय बगा.'" सगळ्या हसल्या. मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?" ती म्हणाली, "कुणास ठाऊक, मी चुकीचा कॉल म्हणून नोंदवून ठेवून दिला."

मी टीम लीडरकडे गेले. ते रेकॉर्डिंग ऐकू द्या म्हटलं. तो म्हणाला, "सॉरी, कस्टमर डेटा आहे, पॉलिसीत बसत नाही." माझी आई त्याच्या लेखी कस्टमर. मी खाली जाऊन वडिलांना फोन लावला. "काही नाही, समदं बरं हाय," ते म्हणाले. आईला द्या म्हटलं तर ती रानात गेलेली. दुसऱ्या दिवशीही रानात. तिसऱ्या दिवशी त्यांनी उचललाच नाही. एवढ्या मोठ्या फ्लोअरवर तो कॉल माझ्याच कानात पडावा, असं मी तोंडानं नमस्कार म्हणत आणि मनात रडकुंडीला येत रोज मागत होते.

आणि एका दुपारी तो पडला.

"बाई, आमच्या करूला द्या की."

आवाज आईचाच होता. आमचं शिक्षण असं पक्कं झालं होतं, की तोंडातून आपोआप निघालं, "क्षमा करा, मी आपली काय मदत करू शकते?"

आई म्हणाली, "तुमी लई गोड बोलता बाई. आदी ज्या होत्या त्या ठेवूनच द्यायच्या. तेवढं तिला सांगता का? तिच्या धाकटीचं, विशीचं लगीन ठरवलंय तिच्या बापानं. येत्या आयतवारी हाय. पोरगी भाकर खाईना झालीय. करूला म्हणावं, ये आन् बापाला समजाव, माझं काही चालंना. ती लई तोंडाळ हाय, तीच बोलू शकती." मग विचारलं, "आमची करू बी आता तुमच्यावानीच बोलती का ओ?"

"आये, मीच हाय," मी म्हणाले.

"न्हाई ओ बाई. गरिबाची थट्टा करू नये."

"आगं आये, मी! तोंडाळ! तुझी करू!"

पलीकडे आई जी रडली ते मला अजून ऐकवत नाही. मी हेडसेट काढला आणि उठले. लीडर मागून विचारत होता, "अगं, लॉगआउट न करता कुठे?" मी वळूनही पाहिलं नाही. ती नोकरी तिथंच संपली.

मी तशीच कसब्यात गेले, आणि मीराताई नेसत्या साडीनिशी माझ्याबरोबर एसटीत बसल्या. वाटेत आम्ही कायद्याचं बोललो. पण विशाखाला गेल्याच महिन्यात अठरा पूर्ण झाली होती. ज्या वयाची आम्ही संस्थेच्या दारासाठी वाट बघत होतो, त्याच वयाची वडील बोहल्यासाठी बघत होते. कायदा आमच्या बाजूनं काही बोलणार नव्हता. बोलायचं होतं ते आम्हालाच.

घरी वडिलांनी मीराताईंना खुर्ची दिली, चहा दिला, आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मीराताईंनी आपला सगळा खोचकपणा बाजूला ठेवला होता. "अहो, आपण जरा विचार करा. मुलगी हुशार आहे. एक वर्ष द्या. फक्त एक वर्ष." मी तर पाया पडले, भांडले, आरडाओरडा केला. वडिलांचा आवाज एकदाही चढला नाही.

"बाई, तुमचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "तुमी पोरगी चांगलीच घडवली. इतकी घडवली, की हिच्या आईला हिचा आवाज वळखू आला नाही. सांगितलं तिनं मला. नऊ म्हयने पोटात वागवलेली लेक, आन् आई तिला 'बाई, बाई' म्हणायलीय. एक दिली तुम्हाला. आता दुसरी मागू नका."

मीराताईंनी चहाचा कप खाली ठेवला. आजही रिकामी असले की मी तिथं काय म्हणायला हवं होतं ते शोधत असते. माणूस दुष्ट असता तर त्याच्यावर थुंकून विशाखाला घेऊन निघाले असते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं बोलत होते. आई चुलीपुढून मान वर करायला तयार नव्हती. आपण बोलायला गेलो आणि आपणच पुरावा दिला, हे तिला कळलं होतं.

तेवढ्यात आतून विशाखा आली. ती ओरडली नाही. वडिलांपुढे हात जोडून उभी राहिली. "नका वळखू मला. कवाच नका वळखू. पण जाऊ द्या."

वडील उठून बाहेर गेले. आयतवारी लग्न झालं. बँड घरचाच होता आणि क्लॅरनेट वडिलांनीच वाजवलं.

मग मीराताईंनी मला वर्गातच शिकवायला घेतलं, आणि मी तिथंच आहे. खाली तांबं ठोकतात अजून, थोडं कमी. हिंजवडीकडे कंपन्यांच्या इमारती उठल्या, त्यांत माझी कितीतरी मुलं बसलीत. मीराताई गेल्या तशी भांडायची त्यांची जागाही माझ्याकडे आली. उच्चार मी शिकवते, ण घोटून घेते. पण माझा एक नियम आहे. वर्ग सुटला की प्रत्येकानं माझ्यासमोर घरी फोन लावायचा आणि घरच्या बोलीत बोलायचं. देणगीदार कंपन्यांचे लोक बघायला येतात आणि विचारतात, "हे कोणत्या मॉड्यूलमध्ये येतं?" मी सांगते, कोणत्याच नाही. एखादी मुलगी लाजून दबक्या आवाजात "व्हय, जेवले" म्हणते, तेव्हा मला बरं वाटतं. पण हे मला फार उशिरा सुचलं. ज्या एका मुलीसाठी सुचायला हवं होतं, तिला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आई गेली. वडिलांना आता ऐकू येत नाही. घर म्हणून उरली ती विशाखा. गेल्या वर्षी ती नवऱ्याला दवाखान्यात दाखवायला पुण्यात आली आणि एक दिवस माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून राहिली. मुलं जे म्हणायची ते तीही ओठांतल्या ओठांत म्हणत होती. वर्ग सुटल्यावर मला म्हणाली, "ताई, मला घेतील का गं आता? खरंच विचारायलेय." तिच्या दोन पोरी आहेत, केस पांढरे व्हायला लागलेत. मी ऑफिसात गेले. "वयाची अट आहे, मॅडम, प्रोजेक्टच तसा सँक्शन आहे," तिथले म्हणाले. मी भांडले. कंपनीच्या साहेबांना फोन केले, जिथं जिथं माझा शब्द चालतो तिथं सगळीकडे गेले. दुसऱ्यांच्या मुलांसाठी मी आजवर किती नियम वाकवलेत. हा एक वाकला नाही.

मी तिला एसटी स्टँडवर सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "बरं. मग आसं कर. फोनवर माझ्याशी तू तुझं पुण्याचंच बोल. आपल्यातलं नको बोलू. ऐकून ऐकून येईल मला, आन् मी पोरींना शिकवीन."

मला वाटलं होतं, निदान तिच्याशी तरी मी माझ्या तोंडानं बोलेन. जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं, ज्याच्याशी मला ण आणि न सांभाळायचा नव्हता. पण तिनं माझ्याकडे मागितलेलं एवढंच मला देता येण्यासारखं आहे, आणि ते मी नाही कसं म्हणू? तर आता माझं घर म्हणजे आठवड्यातून एक फोन. मी नंबर लावते, घसा साफ करते आणि माझ्या सख्ख्या बहिणीला विचारते, "नमस्कार. आपण कशा आहात?"

आणि ती पलीकडून एकेक शब्द तोलत, जराही न चुकता सांगते, "मी बरी आहे. आपण कोण बोलत आहात?"