कर्ज फिटल्यावरचं गाऱ्हाणं

मी घर सोडलं त्या सकाळी आईने माझ्या पिशवीत साबणाच्या अर्ध्या वापरलेल्या वड्या भरल्या. आमच्या खोल्यांत उतरून गेलेल्या पाहुण्यांनी मागे टाकलेल्या. “पुन्यात साबनाला पैसे कशाला घालवायचे,” एवढंच म्हणाली. आप्पा, म्हणजे माझे वडील, फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटी दिसली तशी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “जा बाय. दोन-तीन वर्सांचा तर प्रश्न हाय. कर्ज फिटला की ये घरी.” धाकटा भाऊ संदेश त्याच्या मोटरसायकलवर बसून मोबाइल बघत होता. पाली मागे पडून घाट लागेपर्यंत मी रडत होते. मग वळणांनी उलटी झाली आणि रडणं आपोआप थांबलं.

कर्ज होतं त्या पाहुण्यांच्या खोल्यांचं. आमचं घर गणपतीपुळ्याच्या रस्त्याला. देवाला येणाऱ्या गाड्या दिवसभर दारावरून जायच्या, शेजाऱ्यांनी खोल्या काढल्या, मग आप्पांनीही पतसंस्थेतून कर्ज उचललं आणि परसात दोन खोल्या उठवल्या. आईच्या पाटल्या तारण गेल्या. सुरुवातीचे हंगाम बरे गेले. पुढे रस्त्याला पोहण्याच्या तलावाची रिसॉर्टं आली आणि आमच्याकडे फक्त वाट चुकलेले लोक उतरू लागले. हप्ता थकला, व्याज वाढलं, वसुलीवाला चहा घेऊन जाईनासा झाला. आमच्याकडे तो चहा न घेता गेला म्हणजे प्रकरण गंभीर समजायचं.

कुणीतरी बाहेर पडून कमवायला हवं होतं. आमच्या वाडीत बाहेर पडतात ते मुलगे, आणि जातात मुंबईला. पण आई म्हणाली, “मुलगा घरात लागतो.” कशाला लागतो ते तिने सांगितलं नाही आणि संदेशने आजतागायत दाखवलं नाही. माझ्यासाठी तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. ते थांबलं. सोनंच तारणात, लग्न कशाच्या जोरावर करणार? म्हणून मी पुण्याला. गावात राहिलेल्यांनो, तुमच्या घरातून कोण बाहेर पाठवलं गेलं आणि कोण ठेवून घेतलं गेलं, ते एकदा आठवून बघा. लाडका कोण ते वेगळं सांगावं लागत नाही.

पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलच्या लिनन डिपार्टमेंटला लागले. चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे गाऊन. मळके घ्यायचे, धुतलेले द्यायचे. राहायला कॉट बेसिसवर जागा, म्हणजे खोली चौघींची आणि आपली फक्त खाट. डबा मी लावला नाही, दोन्ही वेळेला कॅन्टीनचं स्टाफचं जेवण घेतलं. सणावाराला डबल पगार मिळतो म्हणून दिवाळीला ड्युटी मागून घेतली. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना हे नवीन नाही. तुम्हीही कुणाच्या तरी सणाच्या दिवशी कुणाची तरी खरकटी काढली असतील.

पण नुसता पगार पाठवून कर्ज फिटत नाही हे मला पहिल्याच वर्षी कळलं. इकडून मी ओतत होते आणि तिकडे घागर गळकी होती. म्हणून घरखर्च हातात घेतला. रोज संध्याकाळी आईला फोन करायचा, काय आणलं ते विचारायचं, आणि उद्या काय आणायचं नाही ते सांगायचं. गॅस फक्त चहाला, बाकी चूल. मासे घ्यायचे तर बाजार उठताना, नाहीतर सुकटीवर भागवायचं. संदेशच्या पेट्रोलला मी लगाम लावला तेव्हा तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही, आणि तेवढाच फोनचाही खर्च वाचला.

सगळ्यात जिव्हारी लागला तो नारळ. दाराशी आमचे चार माड. मी सांगितलं, नारळ सगळे देवळाबाहेरच्या दुकानांना घालायचे, घरात वाटण बंद. कोकणातल्या माणसाला खोबऱ्याशिवाय कालवण वाढणं म्हणजे काय ते घाटावरच्यांना कळायचं नाही. आमचे नारळ देवापुढे फुटत होते आणि आप्पा पाण्यासारख्या आमटीत भात कालवत होते. एकदा सुट्टीला गेले तेव्हा आईने तीच आमटी माझ्या पानात ओतली. “घे. तुजाच हिशोब हाय,” म्हणाली. आप्पा मान खाली घालून जेवत राहिले. मीही पुन्हा मागून घेतली. कडू लागली, पण हप्ता वेळेवर गेला होता.

दोन-तीन वर्षांचा प्रश्न आठ वर्षांनी सुटला. शेवटचा हप्ता मी स्वतः जाऊन भरला, आईच्या पाटल्या सोडवल्या, नाहरकत दाखला घेतला. पतसंस्थेतल्या साहेबांनी उठून हात जोडले, म्हणाले, “तुमच्यासारखे कर्जदार मिळत नाहीत.” घरी येऊन पाटल्या आईच्या हातात घातल्या तर त्या ढिल्या होत होत्या. आई रडली. मी पण रडले. त्या दिवशी माझं घरावर फार प्रेम होतं, हे कबूल करायला मला आजही लाज वाटत नाही.

शिमगा जवळ आला होता, गावदेवाची पालखी घरोघर यायची होती. मी पुण्याला जाऊन राजीनामा लिहून दिला आणि सामानासकट घरी आले. खोल्या मी चालवणार होते. स्वच्छ चादरी, घरचं जेवण, चोख हिशोब. बघता बघता चालल्या असत्या. आईला म्हटलं, “आता मी इथंच राहते.” आई वाल सोलत होती. “पालखी होऊ दे, मग बोलू,” म्हणाली. पालखीचा आणि माझ्या राहण्याचा काय संबंध ते मला समजलं नाही. दुसऱ्या दिवशी संदेशने समजावलं.

“ताई, तुझी पगाराची स्लिप लागंल. शेवटच्या तीन म्हयन्यांची.”

“कशाला?”

“पतसंस्थावाले आपनहून देतायत. आपला रेकॉर्ड चांगला हाय ना. खोल्यांवर मजला चढवू, एसी बसवू. तू जामीन रहा फक्त.”

आठ वर्षं मी ज्या घराला आमटी पाजून त्याची पत उभी केली, ती पत त्याने आठ दिवसांत बाजारात नेऊन उभी केली होती. मी म्हटलं, नोकरी सोडलीय मी. तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. मधल्या वर्षांत साध्या लग्नाने घरात आलेली त्याची बायको प्राची तेवढी माझ्याकडे बघत राहिली, कारण परत येऊन मी झोपणार कुठे हा प्रश्न फक्त तिला पडला होता. माझ्या जुन्या खोलीत आता तिचा संसार होता. तिचं काय चुकलं?

मी ठरवलं, आप्पांशी बोलायचं. ‘कर्ज फिटला की ये घरी’ हा शब्द त्यांचा होता. पण घरात पालखीची गडबड, अंगण सारवणं, रांगोळी, ओटीची तयारी. आप्पा नजर चुकवून इकडून तिकडे. त्यात पालखी आली. ढोल थांबले, पालखी अंगणात पाटावर बसली, आईने सोडवलेल्या पाटल्या घालून देवाची ओटी भरली. मग गाऱ्हाणं. आमच्याकडे घरधनी देवाला काय सांगायचं ते गुरवाच्या कानात सांगतो, गुरव ते मोठ्याने देवापुढे मांडतो, आणि जमलेली सगळी वाडी प्रत्येक मागणीला ‘होय महाराजा’ म्हणते. असं मागितलेलं मागाहून कुणी बदलत नाही. आप्पा गुरवाच्या कानाशी बराच वेळ लागले होते. मी मनात म्हटलं, आता सांगतायत. माझी लेक घरी आली, तिला इथं सुखात ठेव.

गुरवाने हात जोडले.

“बा देवा महाराजा! ह्या घरानं तुजी वटी भरली हाय, ती गोड मानून घे रे महाराजा!”

“होय महाराजा!”

“ह्या घरावरचा कर्ज तू फेडून घेतलास. आता पोरानं नवीन काम मनात धरला हाय, त्याला यश दे रे महाराजा!”

“होय महाराजा!”

“आनि ह्या घरची लेक पुन्यात कामाला हाय. तिची नोकरी हाय तशीच चालू ठेव. तिचा पाय तिथंच घट्ट रोव, तिचा हात ह्या घरावर असाच राहू दे रे महाराजा!”

“होय महाराजा!”

सगळी वाडी म्हणाली. आई म्हणाली, डोळे मिटून, मनापासून. आणि लहानपणापासूनची सवय, ओळीत उभी होते, हात जोडलेले होते, मीही म्हटलं. शब्द तोंडातून गेल्यावर मला त्याचा अर्थ कळला. तोवर ढोल पुन्हा सुरू झाले होते.

कर्ज फेडलं कुणी, ते देवाच्या नावावर गेलं. हरकत नाही. पण देवाकडे माझ्यासाठी मागायचं ठरलं तेव्हा माझ्या बापाने मी लांब राहावं एवढंच मागितलं. पालखी पुढच्या घरी गेल्यावर आप्पा मला म्हणाले, “रागवू नको बाय. तुज्या बऱ्यासाठीच सांगितला. इथं काय हाय?” मी विचारलं, “मग मी आठ वर्षं कुठलं घर सोडवत होते?” ते पानावर जाऊन बसले. त्यांना नारळ घातलेलं मटण जेवायचं होतं.

दोन दिवसांनी मी पुण्याला परत आले. सुपरवायझर मॅडमनी राजीनामा वर पाठवलाच नव्हता. म्हणाल्या, “शिमग्याला गेलेले कोकणी परत येतात, मला माहितीय.” नोकरी होती तशी चालू राहिली. आमचा देव जागृत आहे.

पगाराची स्लिप मी दिली नाही. मजला चढला नाही. संदेश बोलत नाही. पैसे मात्र पाठवते, आई-आप्पांच्या औषधापुरते, त्याहून एक रुपया जास्त नाही. माझ्यासारखी बाहेर पडलेली मंडळी भेटतात तेव्हा विचारतात, घरी कधी जाणार? घर आहे ना, मी सांगते. तिथली माणसं माझ्या नावाने देवापुढे हात जोडतात. मी तिथे नसले म्हणजे झालं.

आईचा फोन रविवारी येतो. कधी येतेस असं ती विचारत नाही. “नोकरी बरी चाललीय ना गो?” एवढंच विचारते.

मी ‘होय’ म्हणते. पुढचा शब्द ओठांवर येतो, तो गिळून फोन ठेवते.