चार खुर्च्या एका कागदावर

ताई तशी बोलकी, पण कुणाला ‘हे जमलं नाही’ म्हणायची वेळ आली की तिची जीभ जड व्हायची. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात अकरा वर्षं तिने चुका काढल्या, त्या कागदावरच्या. छापखाना बंद पडला आणि ती मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या, माणसं पाच. बाहेरच्या चित्रकारांकडून चित्रं करून घ्यायची आणि ती सगळी एकाच हातची दिसली पाहिजेत, हे तिचं काम.

गेम होता बंद पडलेल्या एका हॉटेलचा. खेळणाऱ्याने एकेक खोली दुरुस्त करत जायचं. खुर्च्या, दिवे, कपाटं धरून एकशे चाळीस वस्तू, आणि चित्रकार चार. त्यांतले एक ताईचे शाळेतले चित्रकलेचे सर. निवृत्तीनंतर ते टॅबलेटवर चित्रं काढायला शिकले होते. त्यांचं नाव तिनेच सुचवलं होतं.

तिने चौघांना लांबलचक टिपण पाठवलं. ‘उबदार’, ‘जुनं पण जिव्हाळ्याचं’, ‘किंचित उदास’ असे शब्द त्यात जागोजागी. चित्रं आली तेव्हा एकाची खुर्ची कापसासारखी, दुसऱ्याची काचेसारखी चकचकीत, तिसऱ्याच्या खुर्चीला जाड काळी कड. सरांच्या खुर्चीच्या लाकडाची तर रेषा न् रेषा दिसत होती. देखणी, पण फ्रेम करून भिंतीवर लावावी अशी. चारही गेममधल्या एका खोलीत मांडल्यावर कंपनीचा मालक म्हणाला, ही खोली वाटत नाही, भंगारवाल्याचा ढीग वाटतो.

बाकी तिघांना तिने कसंबसं कळवलं. सरांना मात्र लिहिलं, ‘सुरेखच आहे, फक्त थोडं साधं करता येईल का?’ सरांनी रंग कमी केले आणि रेषा वाढवल्या. तिने पुन्हा ‘सुरेख’ लिहिलं. शेवटी त्यांच्या रेषा ती घरी बसून स्वतःच पुसायला लागली. नवऱ्याने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाला, अगं, सर आहेत ते, काचेचं भांडं नाही.

शनिवारी ती चारही खुर्च्या एका कागदावर शेजारी शेजारी छापून सरांकडे गेली. सरांनी कागद खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला.

“माझीच तेवढी वेगळ्या उजेडात बसलीय,” ते म्हणाले. “हे आधी का नाही दाखवलंस?”

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं तिने खरं ते सांगून टाकलं.

“मला वाटत होतं, माझं वय झालं म्हणून तू सांभाळून घेतेयस. तुझं ‘सुरेख’ आलं की माझ्या छातीत धस्स व्हायचं.”

ताईला एकदम हसू फुटलं आणि डोळेही भरले. सरांनी तिला रुमाल दिला आणि लगेच कामाचं विचारलं. किंचित उदास म्हणजे किती, ते कुणाला कळणार? उजेड कुठून येतो, कड हवी की नको, रंग किती, ते सांग. दुपारभर दोघं बसली. उजेड डावीकडून. काळी कड नाही. रंग ठरलेले चौदाच. लाकडाला तीन रेघा, चौथी नाही. सरांनी या हिशेबाने एक खुर्ची काढली, शेजारी तीन चुकीच्या ठेवल्या आणि प्रत्येकीखाली काय चुकलं ते लिहिलं. चुकीच्यांतली पहिली त्यांचीच होती, त्यांनीच निवडलेली.

तेवढं एकच पान सगळ्यांना गेलं. खुर्चीला काळी कड देणाऱ्या चित्रकाराचा फोन आला की हे आधीच पाठवलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते. ताईने चूक कबूल केली, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी नवी चित्रं गेममधल्या खोलीत मांडली. कुठली कुणाची, मालकाने विचारलं. ताईला फाइलची नावं बघावी लागली. मग तिने सरांना लिहिलं, ‘कपाटाची मूठ फार मोठी झालीय, पुन्हा काढा.’ पाठवून टाकलं आणि ती चहा घ्यायला खाली गेली.