कड्यातलं सातवं कार्ड

अमावास्या, लागीर, बाहेरचं काही... यातलं मी कधी मानलं नाही. सासूबाई उंबऱ्यावर लिंबू ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मी गुपचूप त्याचंच सरबत करायचे. मोबाईलवर एका ग्रुपमध्ये लोक असे अनुभव लिहितात. मी वाचते, पण तिथे लिहायची हिंमत नाही. माझं शिक्षण चौथी, चारचौघांत बोलायची सवय नाही. म्हणून मुलीच्या जुन्या वहीत लिहिते आहे. कोणाला सांगत असल्यासारखंच लिहिते, म्हणजे काही गाळावंसं वाटणार नाही.

आम्ही मूळचे कराडकडचे. नवरा तारापूरच्या कारखान्यात, राहायला बेटेगावला चाळीत. बोईसरच्या एका शाळेच्या बसवर मी मावशी होते. मुलांना चढवायचं, उतरवायचं, कोणाला उलटी झाली तर पुसायचं. आमची बस नवापूरची मुलं आणायची.

मग बसला नवीन सोयी आल्या. कॅमेरे आले. बस कुठे आहे ते आईबापांना मोबाईलवर दिसायला लागलं. दाराशी एक मशीन बसलं. मुलानं गळ्यातलं कार्ड लावलं की टीं वाजायचं आणि घरी मेसेज जायचा — तुमचं मूल बसमध्ये चढलं. उतरतानाही तसंच.

पण लहान मुलं कार्डं हरवतात. एकानं तर कार्डानं डब्यातला शिरा खाल्ला. म्हणून नवापूरच्या सात लहानग्यांची कार्डं मी एका कड्यात ओवून माझ्याकडे ठेवली. ड्रायव्हर यशवंतभाऊ म्हणायचे, "मावशी, तुमी तर जेलर दिसताय."

नियम असा की मूल चढलं की मग त्याचं कार्ड लावायचं. पण नवापूरचा रस्ता अरुंद, मागे कंपनीची बस हॉर्न वाजवत उभी. मी थांबा यायच्या आधीच सातही कार्डं लावून टाकायचे. कोणी आलं नाही तर नाही. सातांतल्या एकीची आई, हेमाताई, एकदा म्हणालीही, "काय गं मावशी, माझी पोर तापानं माझ्या मांडीवर हाय आन् तुझं मशीन सांगतं ती बसमध्ये चढली." दोघी हसलो.

हेमाताई नवापूरची. पहाटे मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात जायची. तिची एकुलती एक तन्वी दुसरीत होती. आजी तिला तयार करून थांब्यावर पाठवायची. कार्डावरच्या फोटोत तन्वीचे डोळे मिटलेले होते, त्यावरून मुलं चिडवायची. ती म्हणायची, "मी झोपून पण पहिली येते."

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी सात कार्डं लावली आणि सहा मुलं चढली. तन्वी नव्हती. ताप असेल म्हटलं आणि दार ओढलं.

तिचा एक मोजा सापडत नव्हता, असं आजीनं नंतर सांगितलं. ती उशिरा आली आणि बसमागे धावली. वळणावर टँकर आला. वाटेवरच्या परक्या लोकांनी तिला उचलून बोईसरच्या दवाखान्यात नेलं. ती शुद्धीवर होती, पण नाव सांगण्याइतकं बोलता येत नव्हतं. गणवेशावरून कोणी शाळेत फोन केला, शाळेनं यशवंतभाऊंना केला.

भाऊंनी बस कडेला घेतली. मागे वळून विचारलं, "मावशी, आपली समदी पोरं हायत ना? शाळेतून विचारतायत."

मी मुलं परत मोजली. नवापूरची सहा. मशीनवर सात. सहा म्हणाले असते तर सातवं कार्ड कोणी लावलं, ते विचारलं असतं.

मी म्हणाले, "आहेत."

तिकडे गावातल्या एका बाईनं हेमाताईला फोन केला होता, की दवाखान्यात आणलेली मुलगी तुझ्या तन्वीसारखी दिसते. हेमाताईनं शाळेत विचारलं. शाळा म्हणाली, बसमध्ये आहे. तिनं त्या बाईला सांगितलं, "नाय गं, माझी पोर बसमध्ये हाय. मेसेज पण आलाय." आणि ती मासळी कापत राहिली. वर्गात हजेरी झाली तेव्हा कळलं. तोवर तासभर गेला होता. दवाखाना बाजाराच्या अगदी जवळ, पण हेमाताई पोचली तेव्हा चादर ओढलेली होती. नर्स म्हणाली, आईला हाक मारत होती. तेवढा एक शब्द तिला येत होता.

सगळे म्हणाले, मशीन बिघडलं. मशीनच्या कंपनीचा माणूस आला आणि त्यानं मशीन बदललं. मी काही बोलले नाही. तन्वीचं नाव यादीतून काढलं. तिचं कार्ड मी कड्यातून काढून घरी पेटीत ठेवलं. त्यानंतर मी एकेक मूल बघून एकेक कार्ड लावायला लागले.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली, त्या आठवड्यातली दुपार. नवापूरचा थांबा. सहा मुलं उतरली, सहा वेळा टीं वाजलं. शेवटचा मुलगा रस्त्यावर उतरून चालायला लागला होता. कडं माझ्या कमरेशी होतं, मशीनपासून हातभर लांब.

आणि परत टीं वाजलं.

भाऊंनी आरशात बघितलं. "कोन ऱ्हायलं?"

"कोणी नाही."

नियमाप्रमाणे ते मागच्या सीटपर्यंत जाऊन आले. बस रिकामी होती. ते स्टेअरिंगवर बसतात न बसतात तोच हेमाताई धावत आली. तन्वी गेल्यापासून तिनं बाजाराला जाणं सोडलं होतं, आणि घर थांब्यापासून चार पावलांवर. पायात चप्पल नाही, हातात मोबाईल. तिनं पुढे केलेला मेसेज मी अक्षर न् अक्षर लावून दोनदा वाचला. तन्वी, नवापूर थांबा, बसमधून उतरली. वेळ आत्ताची.

"उतरली, म्हणजे चढली आसनार ना?" हेमाताई म्हणाली. तिचा चेहरा कितीतरी महिन्यांनी मोकळा दिसत होता. "म्हणजे मशीन खरं बोललं त्या दिवशी. थोडा येळ तरी तुझ्याजवळ होती ना ती, मावशी? खिडकीशी बसली होती?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. तिलाही तेच हवं होतं.

मी म्हणाले, "नाही, हेमाताई. ती चढलीच नव्हती. कार्ड मी लावलं होतं. आणि भाऊंनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं, सहाच आहेत. तरी मी आहेत म्हणाले."

भाऊंनी इंजिन बंद केलं.

ती ओरडली नाही, हात उगारला नाही. तिनं विचारलं, "बाजारापासून दवाखाना किती लांब हाय, ठावं हाय तुला?"

"हो."

"चालत पाच मिनटं."

मग ती तिथेच रस्त्याच्या कडेला बसली, मोबाईल मांडीवर धरून. मी खाली उतरून शेजारी बसायला गेले. ती म्हणाली, "नको." मी परत बसमध्ये चढले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतही सगळं सांगितलं. माझं काम गेलं, ते जायलाच हवं होतं. कार्ड पेटीत जिथल्या तिथे होतं. ते मी भाऊंच्या हाती हेमाताईकडे पाठवलं. कंपनीच्या माणसानं सगळं तपासलं. म्हणाला, हे कार्ड लागलेलं नाही, आमच्याकडून असा मेसेज गेलेलाच नाही. पण भाऊ सांगतात, हेमाताईच्या मोबाईलवर तो अजून आहे.

माझा नवरा म्हणतो, जुना मेसेज नेटवर्कमध्ये अडकला असेल, उशिरा आला. पण नवापूरला उतरल्याचं तिचं कार्ड त्या दिवशी कोणी लावलंच नव्हतं. त्या दुपारी मी बसवर नव्हते, दवाखान्याच्या दारात उभी होते. आत जायचं धाडस झालं नाही.

मग दिवाळीनंतर नवापूरला कोण उतरलं, मला सांगता येत नाही. तिला मी चढवलं नव्हतं, एवढंच मला पक्कं माहीत आहे.