पूररेषेचा सातवा दगड

नोकरीतले खून-दरोडे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळू लागले आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे सांगायला मला थोडं थांबावं लागतं. बारा दगडांची ती केस मात्र काल घडल्यासारखी आठवते. तिच्यात रक्त सांडलं नाही की कुणाला जन्मठेप झाली नाही. पेपरात आली तीही आतल्या पानावर, चार ओळींत.

तेव्हा मी समुद्रपूरच्या बाजूला एका ठाण्याचा ठाणेदार होतो. गावाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल. गावाच्या कडेने एक नाला जातो. उन्हाळ्यात बकरीसुद्धा पाय न भिजवता तो ओलांडते, आणि वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला की तोच नाला दोन्ही काठ सोडून पसरतो. त्याच्या काठी पिढ्यानपिढ्या भाजीपाला पिकवणारी कुटुंबं आहेत. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे पिकेल ते आठवडी बाजारात. काही वर्षांपूर्वी पाटबंधारे खात्याने तिथे पूररेषा आखून बारा दगड रोवले होते. निळा रंग दिलेले, एक ते बारा आकडे कोरलेले. दगडांच्या नाल्याकडच्या बाजूला घर बांधायचं नाही, एवढा साधा नियम होता.

एके दिवशी सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत बसलो होतो. साठीची एक भाजीवाली मावशी आत आली आणि खुर्ची दाखवली तरी उभीच राहिली.

"साहेब, लेआउटवाल्यानं माह्या देवाले तार मारली. मले पूजेले जाऊ देऊन नाई राह्यला."

"कोणता देव, मावशी?"

"धुऱ्यावरचा. आन्‌ सरकारचे निळे दगड खाली नाल्याकडं गेले, तेबी लिवा."

तिचं निळ्या दगडांचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं, हे आधीच कबूल करतो. धुरा म्हणजे शेताचा बांध, वहिवाट, तारेचं कुंपण असे शब्द कानावर पडले की ठाण्यात एक वाक्य तयारच असतं. मी ते म्हटलं. "मावशी, ही दिवाणी बाब आहे. कोर्टात जा." मोहररला, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाला, सांगून अदखलपात्र नोंद केली, नक्कल तिच्या हातात दिली आणि आपण कायद्याने वागलो म्हणून मनात समाधानही मानलं. तिने तो कागद उलटासुलटा पाहिला.

"यानं तार निघते का जी?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेली.

पुढे दीड महिन्याने बाजाराच्या दिवशी मी बंदोबस्त पाहत फिरत होतो. मी आष्टीकडचा माणूस, वांग्यांवर माझा जीव. एका पालाखाली कोवळी, काटेरी देठाची वांगी दिसली म्हणून थांबलो, तर समोर तीच मावशी. तिने वांग्यांवर सरळ ओला कपडा ओढला.

"तुमाले नाई देत."

"काऊन, मावशी?"

"तुमी माहं ऐकलं नाई, म्या तुमचं काऊन ऐकू?"

आजूबाजूचे लोक हसले. बीट जमादाराला राग आला, तो पुढे सरसावला. मी त्याला थांबवलं, कारण बाई खरं बोलत होती आणि चारचौघांत बोलत होती. मग ती एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "माह्या देवाचं जाऊ द्या, साहेब. तिथी लोकं घरं बांधून राह्यले. पहिले तिथी माही वांगी राहे, पोळ्याच्या टायमाले त्यायवरून पाणी जाये. लेकरं-म्हातारे ऱ्हायाले येतीन. त्यायले कोण सांगन? दगडायले पाय फुटतात का जी कधी?"

हेच ती ठाण्यातही सांगत होती. मला लाज वाटली. मी तिथूनच जीप लेआउटकडे, म्हणजे नाल्याकाठी नव्याने पाडलेल्या प्लॉटांकडे, घ्यायला सांगितली.

लेआउटवर पाच-सहा घरांची कामं चालू होती. एक घर पुरतं तयार होतं, पिवळा रंगही देऊन झाला होता. तिथल्या एजंटाने मी प्लॉट घ्यायला आलोय असं समजून माझ्या हातात रंगीत पत्रक दिलं. मी साध्या कपड्यात नव्हतो, तरी त्याला असं का वाटलं कोण जाणे. पत्रकात नाल्याचं चित्र होतं, झाडं होती आणि नकाशाच्या मधोमध लिहिलं होतं, 'जागृत देवस्थान, खुली जागा.' पाहिलं तर खरोखरच मधोमध तारेच्या कुंपणात गुडघ्याएवढा शेंदरी दगड उभा होता. मावशीला पूजेला येऊ देत नव्हते, पण गिऱ्हाइकांना देव दाखवत होते.

खाली नाल्याच्या अगदी जवळ निळ्या दगडांची ओळ होती. मी मोजले. बारा भरले. जमादार म्हणाला, "साहेब, बरोबर हायेत." मी एकेका दगडावरचा आकडा वाचत गेलो. एक ते सहा होते, आठ ते बारा होते. सातव्या जागी सिमेंटचा एक खांब होता. त्याचा निळा रंग ताजा होता आणि त्यावर आकडा नव्हता.

मी माणूस पाठवून मावशीला बोलावलं. देव इथे कसा आला ते विचारलं. ती म्हणाली, "धुऱ्यावर आमचा जुना देव होता. सरकारच्या मजुरायनं तो उपटून फेकून देल्ला आन्‌ तिथीच आपला दगड रोवला. मंग म्या काय करू? देवाची जागा तर तेच हाय. म्या नव्यालेच शेंदूर लावला."

मी पुन्हा पुन्हा त्या शेंदरी दगडाकडे आणि खालच्या ओळीकडे पाहिलं. वरून खालपर्यंत दोन-अडीच एकर जमीन मधे पडली होती आणि घरं नेमकी तिथेच उभी राहत होती.

दुसऱ्या दिवशी पंच बोलावले. शेंदराखाली सातचा आकडा आहे का, एवढंच पाहायचं होतं. पण शेंदूर खरडणार कोण? पंचांनी हात मागे घेतले. माझा हवालदार म्हणाला, "साहेब, पाहिजे तर सस्पेंड करा, पण हे नाई." खरं सांगायचं तर माझाही हात पुढे होत नव्हता. शेवटी मावशीच वाटीत गोडंतेल घेऊन आली. दगडापुढे बसून काहीतरी पुटपुटली, देवाची परवानगी घेतली असावी, आणि तेल लावून हळूहळू चोळू लागली. वर्षानुवर्षांचा थर खपली निघावी तसा निघाला. आधी निळा रंग दिसला, मग कोरलेला सात. मी पंचनाम्यात तसंच लिहिलं, फोटो काढले, पंचांच्या सह्या घेतल्या. मावशी विचारत होती, "झालं का? लावू आता?"

लेआउटवाल्याला ठाण्यात बोलावलं तेव्हा तो वकिलाला घेऊनच आला. पांढरे कपडे, गोड बोलणं. "साहेब, खात्यानं दगड रोवतानाच खाली रोवले. आमचा नकाशा त्यावरूनच मंजूर झाला. खात्याच्या कार्यालयातला नकाशा कागदावरचा असतो, दगड जमिनीवरचे असतात. वाटलं तर मोजणी मागवा." त्याला पक्कं ठाऊक होतं की मोजणीची तारीख मिळून निकाल लागेपर्यंत पावसाळा सरला असता आणि लोक राहायला आले असते. शेंदरी दगडाबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "एखादा दगड खात्याकडूनच चुकून वर राहिला असंल." उत्तर तयार होतं त्याच्याकडे.

म्हणून मी त्याला सोडून त्याच्या मुकादमाला बोलावलं. जेसीबी लावून जमीन सपाट करून घेणारा तोच. जवळच्याच गावचा, चाळिशीचा, शेतकरी घरातला. दोन तास तो एकच सांगत होता, "मले काही मालूम नाई, साहेब." मी आवाज चढवला नाही. माझा अनुभव असा की खोटं बोलायची ज्याने तयारी करून ठेवली आहे, त्याला त्याच प्रश्नावर दाबून उपयोग नसतो. तो प्रश्न त्याच्या पाठ झालेला असतो. मी त्याला चहा दिला, त्याच्या कपाशीची चौकशी केली आणि मग सहज विचारावं तसं विचारलं.

"बाकी अकरा दगड काढले. देवाचा तेवढा काऊन सोडला रे?"

"शेंदूर लागलेल्या दगडाले कोण हात लावन, साहेब?" तो पटकन म्हणाला. "मालक म्हने, उचल. म्या म्हटलं, मले लेकरं-बाळं हायेत. जेसीबीवालाबी खाली उतरला. मंग मालकानं तिथी देवस्थान दाखवून देल्लं आन्‌ खाली खांब..."

एवढं बोलून तो थांबला. आपण काय बोलून गेलो ते कळून त्याने बशी खाली ठेवली. मी त्याला चहा संपवू दिला. नंतर त्याने सगळा जबाब नीट दिला, अगदी दगड कुठून उपटले त्या जागाही दाखवल्या. खड्डे बुजवले होते, पण खणल्यावर जुन्या सिमेंटचे तुकडे निघाले. कोंबडं झाकल्याने तांबडं फुटायचं राहत नाही, ते हे असं. फसवणूक आणि बनावट नकाशाचा गुन्हा दाखल झाला आणि दिवाणी बाबीची एका दिवसात फौजदारी झाली. तहसीलदारांनी त्याच आठवड्यात लेआउटवर राहायला जाण्यास मनाई केली.

मला वाटलं, लोक शाबासकी देतील. झालं उलटंच. ते तयार पिवळं घर एका एसटी कंडक्टरचं होतं. चार दिवसांवर वास्तुशांती होती, पत्रिका वाटून झाल्या होत्या. मनाईची नोटीस द्यायला मी स्वतः गेलो. कंडक्टर ड्युटीवर होता. त्याची बायको दारात उभी राहून माझ्यावर तुटून पडली.

"तुमाले काय जाते, साहेब? तुमी क्वार्टरमधी ऱ्हाता. आमी आठ वर्षं भाड्याच्या एका खोलीत काढले. माह्या सासऱ्याचं अंग लुळं पडलं हाय, त्यायच्यासाठी पुढची खोली बांधली. खिडकीतून नाला दिसन, गायी-म्हशी दिसतीन म्हणून. आता त्यायले काय सांगू?"

पाणी येईल असं सांगितलं तर म्हणाली, "मागच्या चार वर्षांत आलं का?" खरंच आलं नव्हतं. ती चार वर्षं पाऊसच बेताचा झाला होता. मी नोटीस देऊन परत आलो. आणि सांगतो, त्या पावसाळ्यात मी रोज सकाळी उठून आभाळ पाहायचो. पाणी न येवो असं एक मन म्हणायचं. दुसरं म्हणायचं, पाणी आलंच नाही तर त्या बाईच्या नजरेत मी आयुष्यभर खोटा ठरेन. पोलिसाने असा विचार करू नये, पण मी केला.

पोळा झाला आणि पाचव्या दिवशी वरच्या अंगाला दिवसभर पाऊस कोसळला. दुपारी नाला काठ सोडून चढायला लागला. आम्ही दोर, टॉर्च घेऊन लेआउटवर गेलो. रिकाम्या घरांमधून गढूळ पाणी वाहत होतं, कुणाला ओढून काढायचं नव्हतं, कुणाला हाका मारायच्या नव्हत्या. माझा हवालदार म्हणाला, "साहेब, आपण उगाच आलो." मी म्हटलं, "तसंच होऊ दे, बाबा, नेहमी असंच उगाच यायला मिळू दे." आम्ही उभे राहून नुसतं पाहत होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. एवढं सुटल्यासारखं मला बदलीच्या ऑर्डरनेही कधी वाटलं नाही.

दोन दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा कंडक्टर आणि त्याची बायको आपलं घर पाहायला आली. मीही तिथे होतो. पुढच्या खोलीच्या भिंतीवर चिखलाची रेघ उमटली होती. ती बाई त्या रेघेजवळ जाऊन उभी राहिली. रेघ तिच्या खांद्याला लागत होती. तिने खाली, जिथे खाट टाकायची होती त्या जागेकडे पाहिलं.

"मी बाजारात राह्यली असती," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी गाडीवर. आन्‌ बाबा एकटे इथी."

कंडक्टरने भिंतीवरच्या रेघेला हात टेकला. मला कुणी धन्यवाद दिले नाहीत आणि मला ते नकोही होते.

पुढे खटला चालला, त्यात काय झालं ते कोर्टाच्या कागदांत आहे. त्या घरांसाठी गावातल्या उंच भागात दुसरी जागा मिळवण्याची खटपट सुरू झाली, तीही लांबली. मी एवढंच शिकलो की तक्रार कोणत्या रजिस्टरात बसते हे ठरवण्याआधी एकदा जागा पाहून यावी. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत 'दिवाणी बाब आहे' हे वाक्य मी जागेवर गेल्याशिवाय तोंडातून काढलं नाही. माझ्या हाताखालच्या पोरांनाही तेच सांगत आलो, आणि त्यांनी मला त्यावरून भरपूर चिडवलंही.

बदली झाल्यावर गाव सोडण्याआधी मी त्या कंडक्टरच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. त्याचा म्हातारा बाप खाटेवर उशीला टेकून बसला होता. मी कोण ते सुनेने सांगताच त्याने बोबड्या जिभेने सुरुवात केली. खोलीत हवा येत नाही, चहा थंड मिळतो, खिडकीतून समोरच्याची भिंत दिसते, आणि हे सगळं तुमच्यामुळे. "माह्या घरात मले कधी जाऊ देता, सांगा," तो म्हणाला. सून चहा घेऊन आली आणि पदर तोंडाला लावून हसली. मी अर्धा तास बसून म्हाताऱ्याच्या शिव्या ऐकल्या, आणि तो दमल्यावर त्याला म्हटलं, "अजून असतील तर द्या, बाबा, मला घाई नाही."